गंजावरचे औषध: माहीमहून आलेल्या पद्मिनीवर तीन पावसाळे

जुनी गाडी घरच्या घरी दुरुस्त करायला घेतली की पहिल्याच आठवड्यात कोणीतरी 'गंजावरचे औषध' सुचवतेच. हार्डवेअरच्या दुकानांत 'रस्ट कन्व्हर्टर' या नावाने मिळणारे हे द्रव ब्रशने लावले की तांबडा गंज काही तासांत काळा पडतो आणि गंज मेला असे समजून लोक त्यावर रंग चढवतात. मी या प्रकारची द्रवे गेली तीन वर्षे एकाच गाडीवर वापरते आहे. माझे मत आधीच सांगते. ही वस्तू चांगली आहे आणि पैसे वसूल करणारी आहे, परंतु ती खरवडून उरलेल्या गंजासाठी आहे, साठलेल्या गंजासाठी नाही. हा फरक न समजल्यामुळे चांगल्या गाड्यांचे पत्रे रंगाखाली कुजत राहतात आणि दोष मात्र औषधाला मिळतो.

गाडी १९७८ सालची प्रीमियर पद्मिनी आहे. फियाट ११०० डी या इटालियन गाडीवरून कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यात बनू लागलेली ही गाडी १९७४ पासून पद्मिनी या नावाने विकली गेली. १०८९ सीसीचे चार सिलिंडरचे इंजिन, स्टिअरिंगच्या दांड्यावरचा गिअर आणि मागच्या चाकांना मिळणारी ओढ ही तिची ओळख बहुतेकांना असतेच, पण गंजाच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट वेगळी आहे. या गाडीला ट्रकसारखी वेगळी चासी, म्हणजे खालची स्वतंत्र लोखंडी चौकट, नाही. जमिनीचा पत्रा, दारांखालच्या पोकळ पट्ट्या आणि छताचे खांब मिळूनच तिचा सांगाडा होतो. त्यामुळे दाराखालची पट्टी सडली तर प्रश्न केवळ दिसण्याचा राहत नाही, गाडीचा कणाच कमकुवत होतो. बाबांनी ही गाडी वीस वर्षे माहीमला समुद्रापासून हाकेच्या अंतरावर उघड्यावर ठेवली होती. निवृत्तीनंतर ते पुण्याला सहकारनगरात राहायला आले, तेव्हापासून ती बंगल्याच्या पोर्चमध्ये ताडपत्रीखाली उभी होती. ताडपत्रीखाली ओल कोंडते, हे आम्हाला फार उशिरा कळले.

गाडीला औषध लावण्याआधी तिचा आजार किती खोल आहे ते पाहावे लागते. मी दोन साध्या वस्तू वापरल्या. एक म्हणजे पातळ फडक्यात गुंडाळलेले लोहचुंबक. जिथे ते पत्र्याला चिकटत नाही तिथे रंगाखाली पत्रा नसून लांबी, म्हणजे खड्डे बुजवायची पुट्टी, भरलेली असते. आमच्या गाडीच्या डाव्या मागच्या मडगार्डच्या कमानीवर चुंबक तळहाताएवढ्या जागेत सरळ खाली घसरले. दुसरी वस्तू म्हणजे जुना स्क्रू ड्रायव्हर. त्याच्या मुठीने ठोकत गेले की धड पत्रा खणखणीत वाजतो आणि कुजलेला पत्रा पुठ्ठ्यासारखा बद्द आवाज करतो. ड्रायव्हरच्या पायाखालचे रबर काढले, त्याखालचा ओलसर नमदा (दाबलेल्या लोकरीसारखे जाड अस्तर) उचलला आणि टोक जरा दाबले, तर ते आरपार जाऊन खालची फरशी दिसली. अशा ठिकाणी कोणतेही औषध चालत नाही. तिथे पत्राच उरलेला नसतो.

बाजारात ही औषधे मुख्यतः दोन जातींची मिळतात आणि विकणारा बहुधा त्यांत फरक सांगत नाही, म्हणून डब्यावरचा घटकांचा मजकूर वाचणे आवश्यक आहे. पहिली जात पाण्यासारखी पातळ, फॉस्फोरिक आम्लाची. हे आम्ल गंजाशी, म्हणजे लोहाच्या ऑक्साइडशी, संयोग पावून लोहाचे फॉस्फेट बनवते आणि पत्र्यावर राखाडी-काळा थर येतो. दुसरी जात दुधासारखी पांढरी, टॅनिक आम्ल आणि रंगातल्यासारखे रेझीन यांचे मिश्रण. टॅनिन गंजातल्या लोहाला बांधून निळसर काळे संयुग करते आणि रेझीन त्यावर पातळ कातडे धरते. हिरड्याच्या काढ्यात लोखंड घातले की तो काळा पडतो आणि त्यापासून शाई करण्याची आपल्याकडे जुनी रीत होती. या दुधाळ औषधाच्या मुळाशी तीच क्रिया आहे. मी पहिल्या जातीचे औषध रविवार पेठेतल्या बोहरी आळीतून आणले आणि दुसऱ्या जातीचे घरपोच मागवले. दोन्हींचे मिळून तीन लिटर पूर्ण गाडीला पुरले आणि थोडे उरले.

पातळ औषधाने पहिल्याच दिवशी एक धडा दिला, तो पुण्यातल्या जुन्या घरांत राहणाऱ्यांनी अवश्य ध्यानात ठेवावा. आमच्या पोर्चमध्ये शहाबादी फरशी आहे. डिकीच्या तळाला औषध लावताना काही थेंब खाली पडले आणि क्षणात तिथे बारीक फेस आला. शहाबादी हा चुनखडीचा दगड आहे आणि आम्ल त्याला खाते. पुसून, घासून, धुऊनही ते पांढुरके खडबडीत डाग आज तसेच आहेत. तेव्हापासून मी गाडीखाली जाड प्लास्टिक आणि त्यावर जुनी चादर अंथरल्याशिवाय बाटली उघडत नाही. हातमोजे आणि डोळ्यांवर चष्मा तर हवाच, कारण गाडीखाली आडवे पडून काम करताना थेंब नेमके तोंडावर येतात.

दुसरी चूक अधिक महाग पडली. डिकीच्या तळावर औषध वाळून छान काळपट झालेले पाहून मी ते न धुता दुसऱ्या दिवशी थेट दोन भागांचा, म्हणजे रेझीनमध्ये हार्डनर मिसळून लावायचा, एपॉक्सी प्रायमर (रंगाखालचे अस्तर) मारला. आठवड्याने नखाने टोकरले तर दुधावरची साय निघावी तसा प्रायमरचा अखंड पापुद्रा हातात आला. कारण नंतर समजले. एपॉक्सीचा हार्डनर क्षारधर्मी असतो. पत्र्यावर आम्लाचा अंश उरला असेल तर हार्डनर तिथेच निकामी होतो आणि प्रायमर पत्र्याला धरत नाही. आम्लाचे औषध वीस-पंचवीस मिनिटे ओले ठेवावे, मग साध्या पाण्याने दोन-तीनदा धुवावे आणि लगेच फडक्याने व गरम हवेने कोरडे करावे. ज्या कंपन्या औषध न धुण्याची सूचना देतात त्यांच्या डब्यावर त्यानंतर कोणता प्रायमर चालेल हेही लिहिलेले असते, आणि ते तंतोतंत पाळावे. पावसाळ्याच्या दमट हवेत धुतल्यावर पंधरा मिनिटांत पत्र्यावर पुन्हा केशरी झाक चढते. म्हणून हे काम पुण्यात दिवाळीनंतर माघापर्यंत करावे. एप्रिल-मेच्या उन्हात उलट अडचण येते. पत्रा इतका तापतो की औषध गंजात मुरण्याआधीच सुकून जाते. तेव्हा काम करायचेच असेल तर सकाळी आठच्या आत करावे.

आमच्या भागातले एक वयस्क टिंकर मिस्त्री, म्हणजे गाडीच्या पत्र्याचे कारागीर, वेल्डिंगसाठी घरी येत असत. त्यांनी माझ्या हातातला डबा पाहून म्हटले, "ताई, हे लावा, माझी ना नाही. पण आधी पत्रा रडेपर्यंत घासा." मी विचारले, "रडेपर्यंत म्हणजे किती, मिस्त्री?" त्यांनी ग्राइंडरवरचा तारेचा ब्रश चालवून दाखवला. पोपडे गेले, तपकिरी भुकटी गेली, आणि पत्र्याच्या बारीक खळग्यांत काळसर तांबडे ठिपके उरले. "हे ठिपके तुमच्या औषधाचे. बाकीचे माझे." या औषधांविषयी मी ऐकलेले सर्वांत नेमके वाक्य हेच आहे.

मिस्त्रींचे म्हणणे पारखून पाहावे म्हणून मी कापून काढलेल्या जमिनीच्या पत्र्याच्या वीतभर लांबीच्या सहा पट्ट्या केल्या आणि जूनच्या पहिल्या आठवड्यात त्या गच्चीच्या कठड्याला तारेने टांगल्या. पहिली फक्त ब्रशने घासलेली होती. दुसरीवर घासून नेहमीचे रेड ऑक्साइड (तांबडे अस्तर), तिसरीवर आम्लाचे औषध, धुणे आणि एपॉक्सी, चौथीवर दुधाळ औषध आणि एपॉक्सी. पाचवीवर मुद्दाम न घासता पोपड्यांवरच दुधाळ औषध आणि एपॉक्सी दिले. सहावी चौथीसारखीच होती, फक्त घासल्यानंतर, औषध लावण्याआधी ती पाण्याने धुतली नव्हती. रंग दिलेल्या प्रत्येक पट्टीवर ब्लेडने फुलीचा चरा ओढला, म्हणजे दगड लागून रंग उडाल्यावर काय होईल ते दिसावे.

पहिली पट्टी आठवड्यात पूर्ण लाल झाली. रेड ऑक्साइडच्या पट्टीवर गणपतीच्या सुमारास बारीक फोड आले. रेड ऑक्साइड सच्छिद्र असते, त्यावर वरचा रंग न देता ते उघडे ठेवले की ओल आत शिरते, हे त्यामुळे डोळ्यांनी पाहिले. पाचव्या पट्टीचा निकाल सर्वांत बोलका होता. जुलैच्या मध्यावर काळे कातडे पोपड्यासकट सोलून पडले आणि त्याची आतली बाजू पूर्वीइतकीच तांबडी होती. औषध वरच्या थरातच अडकले आणि पत्र्यापर्यंत पोहोचलेच नाही. तिसरी आणि चौथी सप्टेंबरअखेर धड होत्या. तिसरीच्या चऱ्यात केवळ केसाएवढी तांबडी रेघ होती, तर चौथीत चऱ्याच्या कडेने गंज तांदळाच्या दाण्याच्या जाडीइतका रंगाखाली सरकलेला होता.

सहाव्या पट्टीने मात्र मला चकित केले. वरून चौथीसारखीच दिसणाऱ्या त्या पट्टीवर ऑगस्टपासून टाचणीच्या डोक्याएवढे फोड उठत राहिले. माहीमच्या खाऱ्या वाऱ्यातले मीठ गंजाच्या खळग्यांत मुरून बसलेले असते आणि ते हवेतली ओल ओढून घेते. औषध गंजाचे रूप बदलते, पण मिठाला ते बाहेर काढत नाही. मुंबई, अलिबाग, रत्नागिरी अशा ठिकाणांहून आलेली गाडी असेल तर घासल्यानंतर गरम पाणी आणि ताठ केसांचा ब्रश घेऊन ती पुन्हापुन्हा धुणे, पूर्ण सुकवणे, आणि मगच औषधाला हात लावणे हाच मार्ग आहे. डब्यावरच्या सूचनांत ही गोष्ट मला कुठेही ठळकपणे लिहिलेली आढळली नाही आणि या उत्पादनांविरुद्ध माझी मुख्य तक्रार हीच आहे.

या अनुभवावरून दोन जातींपैकी कोणती घ्यावी याचे उत्तर जागेनुसार बदलते. बोनेट, दारे, छत असे मोकळे पृष्ठभाग, जिथे धुणे आणि पुसणे सहज जमते, तिथे आम्लाचे औषध उजवे आहे, कारण ते पातळ असल्याने खळग्यांत खोल उतरते आणि त्यावरचा प्रायमर अधिक घट्ट बसतो. गाडीच्या पोटाखाली, जोडांच्या खाचांत, जिथे पाणी ओतले तर ते आतच राहील, तिथे दुधाळ औषध बरे. दोन पत्रे एकावर एक टाके मारून जोडलेल्या शिवणीत मात्र कोणतेही औषध पूर्ण शिरत नाही. दाराखालच्या पोकळ पट्टीत ते फवाऱ्याने मारून पाहिले. आत हात किंवा ब्रश जात नसल्याने तिथला गंज घासलेला नव्हता, आणि पाचव्या पट्टीचे जे झाले तेच तिथे होणार हे उघड होते. ती पट्टी शेवटी कापावीच लागली.

कापण्याचे काम औषधाच्या परीक्षणात थोडक्यात सांगते, परंतु क्रम महत्त्वाचा आहे. कुजलेला भाग चकचकीत पत्रा लागेपर्यंत कापायचा, २० गेज जाडीच्या सीआर (थंड लाटलेल्या) पत्र्याचे ठिगळ मूळ वळणावर ठोकून बसवायचे आणि सीओटू वेल्डिंगने एकेक टाका लांबलांब मारत जोडायचे, म्हणजे पातळ पत्रा उष्णतेने आखडत नाही. पट्टी कापण्यापूर्वी गाडी सपाट जागी घोड्यांवर, म्हणजे लोखंडी स्टँडवर, नीट टेकवून दारांच्या चौकटीला आतून आधार द्यावा लागतो, नाहीतर काम झाल्यावर दार लागत नाही. औषध हे सगळे झाल्यानंतर. मी उत्साहात एका कडेला आधीच औषध लावून ठेवले होते. मिस्त्रींनी मशीन चालवताच ठिणग्या फुटल्या, धूर झाला आणि टाका सच्छिद्र आला. वेल्डिंगच्या कडेपासून दोन बोटे जागा उघडी, चकचकीत असली पाहिजे.

काही ठिकाणी हे औषध मुळीच लावू नये. जस्ताचा मुलामा असलेले नटबोल्ट आम्लात टाकले तर आधी जस्तच विरघळते. कार्ब्युरेटरच्या मिश्रधातूवर आणि क्रोमच्या बंपरवर थेंब उडू देऊ नयेत. स्प्रिंग किंवा अधिक ताकदीचे बोल्ट आम्लात बुडवून ठेवल्यास हायड्रोजन शिरून ते ठिसूळ होण्याचा धोका असतो. चासी नंबर कोरलेल्या जागी ग्राइंडर आणि आम्ल दोन्ही टाळावे, तिथे हाताने हलकेच साफ करून तेलाचे बोट फिरवावे. २०२१ च्या केंद्रीय नियमांप्रमाणे ५० वर्षांहून जुन्या आणि मूळ रूपात राखलेल्या खासगी गाडीची 'व्हिंटेज' म्हणून नोंदणी करता येते. आमची पद्मिनी २०२८ मध्ये त्या वयाला पोहोचेल, तेव्हा तो नंबर स्वच्छ वाचता आला पाहिजे.

सुट्या छोट्या भागांसाठी, म्हणजे बिजागऱ्या, ब्रॅकेट, सीटच्या पट्ट्या यांसाठी, मी औषध विकत घेणार नाही. प्लास्टिकच्या बादलीत पाणी, मूठभर धुण्याचा सोडा, एक भंगार लोखंडी पट्टी आणि बॅटरीचा चार्जर एवढ्यावर काम होते. चार्जरची धन बाजू भंगार पट्टीला आणि ऋण बाजू आपल्या वस्तूला जोडली की रात्रभरात गंज सुटून काळी, ब्रशने निघणारी साय उरते. भंगार पट्टीच्या जागी स्टेनलेस स्टील वापरू नये, त्यातून विषारी क्रोमियम पाण्यात उतरते. या क्रियेत हायड्रोजन वायू सुटतो, त्यामुळे बादली मोकळ्या हवेत ठेवावी. नाना पेठेत न मिळालेल्या दाराच्या दोन बिजागऱ्या मला जुन्या बाजारात एका ढिगाखाली मिळाल्या होत्या. त्या इतक्या गंजलेल्या होत्या की एकमेकींना चिकटून बसल्या होत्या. दुसऱ्या दिवशी सकाळी बादलीतून काढल्या तेव्हा त्यांची घडी हाताने उघडली आणि धातूवरचा ठशाचा आकडा वाचता आला.

गाडीचा तळ औषध, एपॉक्सी आणि त्यावर अंडरकोटिंग (तळाचा जाड संरक्षक थर) देऊन पूर्ण झाल्याला आता तीन पावसाळे झाले. पोकळ पट्ट्यांत पूर्वीसारखे जळके ऑइल न मारता पातळ मेण फवारले आहे. दारांच्या तळाची पाणी जाण्याची भोके तारेने मोकळी केली आहेत, आणि नमदा पुन्हा बसवलेला नाही. या ऑक्टोबरात गाडी घोड्यांवर घेऊन मी टॉर्च धरून तळाचा हात-हात भाग पाहिला. नवा पत्रा निर्दोष आहे. आम्लाचे औषध लावून धुतलेला डिकीचा तळ, जो मला न धुता प्रायमर मारण्याच्या चुकीनंतर पुन्हा पूर्ण घासावा लागला होता, तोही स्वच्छ आहे. फक्त इंजिनच्या बाजूला बॅटरीच्या तबकाखाली रुपयाएवढी जागा फुगली आहे. तिथे दोन पत्र्यांची शिवण आहे आणि तिथे मी दुधाळ औषध शिवणीच्या तोंडाशी लावून समाधान मानले होते. दहापैकी सात गुण मी या औषधांना देते, आणि वजा केलेल्या तीनपैकी एक त्या शिवणीसाठी आहे. मिस्त्रींना निरोप दिला आहे. पुढच्या आठवड्यात ते येतील, टाके फोडून तबक वेगळे करतील, आणि या वेळी दोन्ही पत्रे वेगवेगळे घासून, धुऊन, वेल्डिंग चालेल असा जस्ताचा प्रायमर आतून देऊन मगच पुन्हा जोडू.